तुटलेल्या चाकावरचा हात

लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं हे तैलचित्र आकाराने लहान आहे. उंची 71.4 सेंटिमीटर, रुंदी 69 सेंटिमीटर. म्हणजे सव्वादोन फुटी, जवळजवळ चौरस. मागे काळोख आहे आणि त्यातून एक तरुण स्त्री कमरेपर्यंत पुढे आली आहे. डोक्याला फेट्यासारखं वस्त्र गुंडाळलेलं, त्यावर मुकुट. उजवा हात छातीशी, आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत एक बारीक झावळी. डावा हात एका चाकावर टेकलेला. चाक तुटलेलं आहे आणि त्यात अणकुचीदार लोखंडी खिळे ठोकले आहेत. ती स्त्री मान वळवून थेट आपल्याकडे पाहते आहे.

ख्रिस्ती रक्तसाक्षी संतांची बरोक काळातली चित्रं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना इथे बरंच काही नसल्याचं जाणवेल. रक्त नाही. मारेकरी नाही, सम्राट नाही, वरून उतरणारा देवदूत नाही, उघडणारं आभाळ नाही. छळ होऊन गेला आहे आणि जिचा छळ व्हायचा होता ती शाबूत उभी आहे. खजुराची झावळी ही ख्रिस्ती चित्रकलेत रक्तसाक्षीची ठरलेली खूण. तिच्यावरून आणि चाकावरून त्या काळच्या कोणत्याही भाविकाने क्षणात ओळखलं असतं, ही अलेक्झांड्रियाची संत कॅथरिन.

चेहरा मात्र कॅथरिनचा नाही. तो चित्र काढणाऱ्या बाईचा आहे. अर्तेमिसिया जेंतिलेस्कीने हे चित्र 1615 ते 1617 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये रंगवलं, तेव्हा ती पंचविशीच्या आत होती. चाकावरचा तो हात आणि आपल्यावर रोखलेली ती नजर, या दोन गोष्टींसाठी हे प्रकरण लिहितो आहे. पण तिथवर पोचण्याआधी चाकाची गोष्ट सांगायला हवी.

कथेनुसार कॅथरिन ही चौथ्या शतकाच्या सुरुवातीची, अलेक्झांड्रियाच्या राजघराण्यातली मुलगी. देखणी तर होतीच, पण तिची ख्याती विद्वत्तेची. रोमन सम्राट ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता, तेव्हा ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि त्याच्या देवांविषयी त्यालाच प्रश्न विचारू लागली. सम्राटाला उत्तरं सुचेनात. त्याने पन्नास तत्त्वज्ञ बोलावले. अठरा वर्षांच्या मुलीने त्या पन्नासांना शास्त्रार्थात निरुत्तर केलं आणि तेच तिच्या धर्मात आले. सम्राटाने त्यांना जिवंत जाळलं. मग त्याने कॅथरिनला लग्नाची मागणी घातली, तिने नाकारली. तेव्हा खिळे ठोकलेली चाकं तयार करवली, तिला त्यांत चिरडून मारण्यासाठी. ऐन वेळी दैवी आघाताने चाकांचे तुकडे झाले. शेवटी तलवारीने तिचा शिरच्छेद केला गेला. जखमेतून रक्ताऐवजी दूध वाहिलं आणि देवदूतांनी तिचा देह उचलून सिनाई पर्वतावर नेला, असं कथा सांगते. त्या पर्वताच्या पायथ्याशी सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधवलेला मठ आजही तिच्याच नावाने ओळखला जातो.

ही कथा तिच्या काळात कुणी लिहून ठेवलेली नाही. समकालीन पुरावा नाही, म्हणून कॅथलिक चर्चने 1969 मध्ये तिचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला होता. 2002 मध्ये तो ऐच्छिक सण म्हणून परत आला. पण मध्ययुगापासून युरोपभर विद्यार्थी, तत्त्वज्ञ आणि अविवाहित मुली तिला आपली पाठीराखी मानत आले. चाकं बनवणारे कारागीरही तिला मानत. बोलण्याच्या बळावर जिंकलेली मुलगी, हे तिचं खरं आकर्षण होतं.

गोव्याला गेलेल्या पुष्कळ मराठी माणसांनी हे चाक पाहिलेलं असतं, फक्त ओळखलेलं नसतं. कॅथरिनचा सण 25 नोव्हेंबरला येतो. 1510 साली याच दिवशी पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा जिंकला आणि शहर तिच्या छत्राखाली ठेवलं. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल तिलाच वाहिलेलं आहे. 1562 मध्ये सुरू झालेलं त्याचं बांधकाम 1619 पर्यंत बहुतांश पुरं झालं. म्हणजे अर्तेमिसिया फ्लॉरेन्समध्ये कॅथरिन रंगवत होती, त्याच वर्षांत मांडवीकाठी कॅथरिनचं भव्य देऊळ उभं राहत होतं. तिथल्या मुख्य वेदीमागच्या सोनेरी नक्षीकामात तिच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत. पुढे विसाव्या शतकात पोर्तुगीज भारताच्या राज्यचिन्हातही तिचं चाक आलं. इथे एक गोष्ट न बोलता पुढे जाणं मला बरं वाटत नाही. 1510 च्या त्या विजयानंतर शहरातल्या मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली. सत्तेपुढे एकटीने उभ्या राहिलेल्या मुलीचा दिवस एका सत्तेने आपल्या विजयाचा दिवस करून टाकला.

आता रोमकडे वळू. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट बंडखोरीने युरोप दुभंगला, ठिकठिकाणी चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडली गेली. त्याला उत्तर म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने डिसेंबर 1563 मध्ये संतांच्या प्रतिमांबद्दल ठराव केला. प्रतिमा राहतील, पण त्यांनी भाविकाला शिकवावं, त्याचं मन हलवावं, आणि त्यांत अवास्तव किंवा अश्लील काही नसावं. चित्रकारांसाठी याचा सरळ अर्थ असा होता की प्रसंग समोर घडतो आहे असं वाटलं पाहिजे. रक्तसाक्षी संतांना त्यामुळे फार मागणी आली. 1578 मध्ये रोमजवळ प्राचीन ख्रिस्ती भुयारी दफनभूमी सापडली आणि पहिल्या शतकांतल्या छळाची आठवण ताजी झाली. सान्तो स्तेफानो रोतोन्दो या गोल चर्चच्या भिंतींवर 1580 च्या दशकात निकोलो चिर्चिन्यानीने एकामागून एक संतांचे मृत्यू रंगवले: कढईत, वजनदार दगडांखाली, श्वापदांच्या तोंडी. ते चर्च जेझुइटांच्या एका धर्मविद्यालयाकडे होतं. तिथले तरुण शिकून प्रोटेस्टंट मुलखात जाणार होते आणि तिथे आपलं काय होऊ शकतं, हे त्यांना आधीच दाखवलं जात होतं.

आणि हे सगळं जुन्या काळातलंच नव्हतं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानात नागासाकीला 26 ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवून मारलं. त्यांत एक होता गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, जपानी भाषा उत्तम बोलणारा फ्रान्सिस्कन बंधू. 1627 मध्ये त्याला धन्यवादित आणि 1862 मध्ये संत घोषित करण्यात आलं. वसईतलं एक महाविद्यालय आज त्याच्या नावाने चालतं. बरोक चित्रकार जेव्हा रक्तसाक्षी रंगवत होते, तेव्हा अशा बातम्या गलबतांबरोबर युरोपात येत होत्या. पाहणाऱ्यांच्या लेखी ती केवळ पुराणकथा नव्हती.

या मागणीला चित्रभाषा दिली ती मुख्यतः कारावाज्जोने. गडद पार्श्वभूमी, एकाच बाजूने येणारा तीव्र प्रकाश, आणि रस्त्यावरून उचलून आणलेली माणसं संत म्हणून उभी केलेली. या पद्धतीचा पाया तंत्रातही होता. कॅनव्हासवर आधी तपकिरी रंगाचा थर द्यायचा, त्यावर उजेडाच्या जागा शिशाच्या पांढऱ्या रंगाने जाड बांधत न्यायच्या आणि सावलीच्या जागी खालचा तपकिरी थर पातळ रंगाआडून तसाच बोलू द्यायचा. तेलात कालवलेला रंग सावकाश वाळतो, त्यामुळे गालावरचा उजेड मानेच्या सावलीत विरघळवत नेता येतो. लाल कपड्यावर पारदर्शक लाल रंगाचे हात चढवले की कापडाला आतून आल्यासारखी खोली येते. काम लवकर होतं, रंग कमी लागतो, आणि परिणाम जबरदस्त साधतो.

कारावाज्जोनेही कॅथरिन रंगवली आहे, 1598–99 च्या सुमाराला. ते चित्र आज माद्रिदच्या थिसेन संग्रहालयात आहे. पूर्ण उंचीची, गुडघे टेकून गादीवर रेललेली कॅथरिन, बाजूला तिच्याइतकंच मोठं मोडकं चाक, आणि हातात लांब तलवार, जिच्या पात्यावर ती बोटं अलगद फिरवते आहे. तिच्यासाठी बसली होती फिल्लिदे मेलान्द्रोनी, रोममधली नावाजलेली गणिका. चित्र अप्रतिम आहे. तरीही त्यातली कॅथरिन कुणीतरी पाहिलेली, बसवलेली, सजवलेली आहे. चित्रकार आणि मॉडेल यांच्यातलं अंतर त्यात कायम राहतं. अर्तेमिसियाच्या चित्रात ते अंतरच उरलेलं नाही.

अर्तेमिसियाचा जन्म 8 जुलै 1593 चा, रोममधला. वडील ओराझिओ जेंतिलेस्की नावाजलेले चित्रकार, कारावाज्जोच्या ओळखीतले. आई 1605 मध्ये वारली, तेव्हा ती बारा वर्षांची होती. चार भावंडांत थोरली आणि एकुलती मुलगी. तिच्या काळात मुलीला कुणा चित्रकाराकडे उमेदवारीला पाठवणं शक्य नव्हतं. तिने जे शिकायचं ते घरातच, वडिलांच्या हाताखाली. रंग घोटणं, कॅनव्हास ताणणं, वडिलांची चित्रं नकलणं यांतून ती अशी तयार झाली की 1610 मध्ये, सतराव्या वर्षी, तिने ‘सुझाना आणि वडीलधारे’ हे चित्र सही करून पुरं केलं. आंघोळ करणाऱ्या सुझानावर झुकलेले दोन म्हातारे, आणि किळस व भीतीने वळलेलं तिचं अंग. याआधीच्या कित्येक सुझाना पाहणाऱ्याला लाडिकपणे सामोऱ्या जातात. ही तशी नाही.

मे 1611 मध्ये ओराझिओबरोबर काम करणाऱ्या आगोस्तिनो तास्सी या चित्रकाराने ओराझिओच्याच घरात अर्तेमिसियावर बलात्कार केला. नंतर लग्नाचं वचन देत त्याने तिला झुलवत ठेवलं. तो आधीच विवाहित होता. पुढच्या वर्षी ओराझिओने पोपकडे अर्ज केला आणि खटला उभा राहिला. त्याची कागदपत्रं रोमच्या सरकारी अभिलेखागारात आहेत, आणि ती वाचताना चारशे वर्षांचं अंतर गळून पडतं. आपण त्याला ओरबाडलं, सुटल्यावर सुरी उगारून त्याच्यावर फेकली, असं ती सांगते. तास्सी सगळं नाकारतो आणि साक्षीदार आणून तिच्या चारित्र्यावर चिखल उडवतो. दाईंकडून तिची शारीरिक तपासणी होते.

मग येतो तो प्रसंग. तिची जबानी खरी आहे की खोटी हे ठरवण्यासाठी न्यायालयाने तिलाच यातना द्यायचं ठरवलं. आरोपीला नव्हे, तिला. त्या काळच्या कायद्यात साक्ष पक्की करण्याची ही मान्य रीत होती. ‘सिबिले’ नावाच्या प्रकारात दोन्ही हातांच्या बोटांभोवती दोऱ्या गुंडाळून त्या पिळत न्यायच्या. तास्सीला समोर आणून बसवलं होतं. दोऱ्या आवळल्या जात असताना ती पुनःपुन्हा एवढंच सांगत राहिली की आपण बोललो ते खरं आहे. आणि समोरच्या माणसाला म्हणाली की तू मला देणार होतास ती अंगठी हीच, आणि तुझी वचनं हीच.

ती चित्रकार होती. बोटं हेच तिचं सर्वस्व होतं.

नोव्हेंबर 1612 मध्ये तास्सी दोषी ठरला. त्याला रोममधून हद्दपारी सांगितली गेली, पण ती नावापुरतीच राहिली; वरच्या वर्तुळांतले आश्रयदाते त्याच्या पाठीशी होते. निकालापाठोपाठ अर्तेमिसियाचं लग्न पिएरान्तोनिओ स्तियात्तेसी या फ्लॉरेन्सच्या माणसाशी लावून दिलं गेलं आणि 1613 च्या सुरुवातीला ती रोम सोडून त्याच्या गावी गेली.

तिच्या आयुष्याचा हा भाग इतका जीवघेणा आहे की पुष्कळ लेखक तिथेच थांबतात, आणि मग तिचं प्रत्येक चित्र हा त्या एका प्रसंगाचा सूड किंवा हुंदका ठरतो. ‘युदिथ होलोफर्नेसचा शिरच्छेद करते’ हे तिचं प्रसिद्ध चित्र तर हमखास तसंच समजावलं जातं. मला हे वाचन अपुरं आणि काहीसं अन्यायाचं वाटतं. कारावाज्जोनेही युदिथ रंगवली, रक्ताच्या चिळकांड्यांसह, आणि त्याच्या कुठल्या वैयक्तिक जखमेचा शोध आपण त्यात घेत नाही. त्याची कला पाहतो. अर्तेमिसियाला तेवढा तरी मान मिळायला हवा. फ्लॉरेन्समधल्या तिच्या सात वर्षांकडे नीट पाहिलं की दिसते ती एक कर्तबगार, महत्त्वाकांक्षी, सतत कर्जात असलेली आणि तरीही वर चढत गेलेली व्यावसायिक.

तिथे तिने वडिलांचं जेंतिलेस्की हे आडनाव मागे ठेवून घराण्याचं मूळचं लोमी हे नाव लावायला सुरुवात केली. त्या नावाला तोस्कानात वजन होतं. मायकेलअँजेलोच्या पुतण्याच्या मुलाने आपल्या थोर पूर्वजाच्या स्मरणार्थ जे दालन सजवलं, त्याच्या छतासाठी तिच्याकडून चित्र काढून घेतलं. ग्रँड ड्यूक दुसरा कोझिमो मेदिची तिचा आश्रयदाता झाला. 1616 मध्ये फ्लॉरेन्सच्या चित्रकला अकादमीने तिला सदस्य करून घेतलं. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. त्याच अकादमीत गॅलिलिओही होता आणि दोघांची ओळख पुढे पत्रांतून टिकली. फ्लॉरेन्समधल्या याच सात वर्षांत तिला पाच मुलं झाली. त्यांतली एक मुलगीच मोठी झाली.

आणि ती लिहायला शिकली. खटल्याच्या वेळी तिने न्यायालयात सांगितलं होतं की मला लिहिता येत नाही, वाचताही जेमतेम येतं. फ्लॉरेन्समधल्या तिच्या प्रियकराला, फ्रांचेस्को मारिंगीला, तिने लिहिलेली पत्रं 2011 मध्ये अभ्यासकांपुढे आली. ती तिच्याच हातची आहेत. शुद्धलेखन कच्चं आहे, पण मधूनमधून पेत्रार्क आणि ओव्हिड डोकावतात. कॅथरिन निवडण्यामागे तिचा काय विचार होता, याचा कागद नाही. तरी मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते: अक्षरओळख उशिरा मिळालेल्या, भरल्या कचेरीत आपलं म्हणणं खरं करून दाखवावं लागलेल्या या बाईने स्वतःचा चेहरा दिला तो पन्नास पंडितांना बोलून हरवणाऱ्या संताला.

आता पुन्हा चित्राकडे. खिळ्यांची धार लपवलेली नाही. लोखंडावर उजेडाचे बारीक ठिपके दिले आहेत, म्हणजे टोकं डोळ्यांना टोचतात. त्या चाकावर हात कसा ठेवला आहे ते पाहावं. मूठ आवळलेली नाही, की घाबरून मागे ओढलेली नाही. जिने तिला चिरडायचं ती वस्तू आता टेकायला उपयोगी पडते आहे. दुसऱ्या हाताची बोटं झावळी धरतात ती कुंचला धरावा तशी, चिमटीत. दोन्ही हातांची बोटं स्पष्ट, उजेडात, पूर्ण काळजीने रंगवली आहेत. ‘सिबिले’ची गोष्ट माहीत असल्यावर या बोटांवर नजर थबकणं अटळ आहे. मी वर जे वाचन अपुरं म्हटलं, त्याच्याशी हे विसंगत नाही असं मला वाटतं. आयुष्य चित्रात शिरतं. फक्त ते कलेच्या मागोमाग शिरतं, तिच्या पुढे धावत नाही. चित्र आधी हातांवर उभं आहे, चरित्र त्या हातांना वजन देतं.

चेहऱ्यात दुःख नाही, आनंदही नाही. भुवया किंचित ताणलेल्या, ओठ मिटलेले. खटल्यातल्या साक्षीदाराने आपली जबानी संपवल्यावर न्यायाधीशाकडे पाहावं तशी ती पाहते.

स्वतःचाच चेहरा वापरण्यामागे रोकडी कारणंही होती. मॉडेलला पैसे द्यावे लागतात, आरसा फुकट असतो. शिवाय चित्र काढणारी बाई हीच त्या काळी एक नवलाई होती. अर्तेमिसियाच्या हातचं अर्तेमिसियाचं रूप घरात असावं, अशी हौस संग्राहकांना होती, आणि तिने ती ओळखली होती. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ संग्रहालयात ‘ल्यूट वाजवणारी’ हे तिचं आत्मचित्र आहे. फ्लॉरेन्सच्या उफ्फिझीत आणखी एक संत कॅथरिन आहे. ही दोन आणि लंडनचं, अशा तिन्ही चित्रांत तोच चेहरा, तोच मानेचा वळसा आहे. चेहऱ्यांची मापं इतकी जुळतात की तिने एकाच आराखड्याची नक्कल कॅनव्हासवर उतरवून घेतली असावी, असं अभ्यासक मानतात. चित्रकारांच्या कार्यशाळांत हे सर्रास चाले.

उफ्फिझीतल्या कॅथरिनने तर एक मोठं गुपित दडवलं होतं. फ्लॉरेन्समधल्या ओपिफिचिओ देल्ले पिएत्रे दुरे या संवर्धनसंस्थेने त्या चित्राचं क्ष-किरण परीक्षण केलं, त्याचे निष्कर्ष मार्च 2019 मध्ये जाहीर झाले. वरच्या रंगाखाली आणखी एक स्त्री निघाली. डोक्याला फेटा बांधलेली, चेहरा पाहणाऱ्याकडे वळवलेली. लंडनच्या चित्राशी थेट नातं सांगणारी. म्हणजे उफ्फिझीचं चित्रही अर्तेमिसियाने आधी तसंच सुरू केलं होतं. मग तिने बेत बदलला. फेटा गेला, रत्नजडित मुकुट आला, वेष श्रीमंती झाला, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नजर आपल्यावरून काढून आकाशाकडे लावली गेली. ते चित्र मेदिची घराण्यासाठी असावं आणि त्यातल्या चेहऱ्यात घराण्यातल्या कातेरिना या राजकन्येची छटा मिसळली असावी, असा तर्क आहे. तो खरा असो वा नसो, दोन चित्रं शेजारी ठेवली की कळतं, एका नजरेने किती फरक पडतो. वर पाहणारी कॅथरिन देवाच्या स्वाधीन झाली आहे. आपल्याकडे पाहणारी कॅथरिन आपल्याला जाब विचारते.

लंडनच्या या चित्राचा सतराव्या शतकापासून पुढचा प्रवास अंधारातच राहिला. फ्रान्समधल्या एका कुटुंबाकडे ते पिढ्यान्‌पिढ्या होतं आणि जगाला त्याचा पत्ता नव्हता. डिसेंबर 2017 मध्ये ते पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहात आलं. तीन ते चार लाख युरो येतील असा अंदाज होता. खर्चासह किंमत गेली सुमारे 23 लाख 60 हजार युरोंवर. पुढच्या वर्षी, जुलै 2018 मध्ये, नॅशनल गॅलरीने ते व्यापाऱ्यांकडून 36 लाख पौंडांना घेतलं. गॅलरीच्या 2,300 हून अधिक चित्रांत स्त्रियांनी काढलेली तोवर जेमतेम वीस होती. जुनं वार्निश उतरवणं, झिजलेल्या जागा भरणं ही कामं आटोपून ते लोकांपुढे आलं.

त्यानंतर गॅलरीने जे केलं ते मला खरेदीपेक्षा मोलाचं वाटतं. 2019 मध्ये हे चित्र इंग्लंड-स्कॉटलंडच्या फिरतीवर निघालं आणि मोठ्या संग्रहालयांऐवजी लोकांच्या रोजच्या जागांत गेलं. ग्लासगोचं स्त्रियांचं वाचनालय, यॉर्कशरमधल्या पॉकलिंग्टनचा दवाखाना, न्यूकॅसलची मुलींची शाळा, सरे परगण्यातला सेंड इथला स्त्रियांचा तुरुंग. डॉक्टरांची वाट पाहत बसलेल्या रुग्णांसमोर, वर्गातल्या मुलींसमोर, शिक्षा भोगणाऱ्या बायकांसमोर ही कॅथरिन जाऊन उभी राहिली. चौथ्या शतकातल्या कथेतली, सतराव्या शतकात रंगवलेली ही बाई तुरुंगात परकी वाटली नसणार. तिची गोष्टच कोठडी, चौकशी आणि शिक्षा यांची आहे.

अर्तेमिसिया फ्लॉरेन्सनंतर रोम, व्हेनिस, नेपल्स, काही काळ लंडनही फिरली. 1649 मध्ये, पन्नाशी उलटून गेल्यावर, सिसिलीच्या डॉन अन्तोनिओ रुफ्फो या संग्राहकाशी ती पत्रांतून भाव ठरवत होती. चित्रातल्या प्रत्येक आकृतीमागे शंभर स्कुदी, आणि हाच दर आपल्याला फ्लॉरेन्स, व्हेनिस, रोम, नेपल्स सगळीकडे मिळत आला आहे, असं तिने त्याला बजावलं. बाईचं नाव ऐकलं की काम पाहीपर्यंत लोक शंका घेतात, हेही तिने त्याच पत्रव्यवहारात लिहिलं. 1654 नंतर तिचा माग लागत नाही.

लंडनला जाणं झालं, तर नॅशनल गॅलरीत आधी राफाएलची कॅथरिन शोधावी. ती 1507 च्या सुमाराची. तीही चाकावर रेललेली आहे. देहाला सुरेख वळसा, मागे निवांत निसर्ग, आणि डोळे वर, सोनेरी प्रकाशाकडे लागलेले. तिच्यापुढे हवा तितका वेळ उभं राहता येतं, ती आपल्याकडे पाहत नाही. मग त्याच इमारतीत अर्तेमिसियाच्या कॅथरिनपुढे जावं.